दम, दमा आणि मधली तिरकी रेघ

माझं काम काय ते सांगितलं की यवतमाळात दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिला प्रकार विचारतो, “एरोबिक म्हणजे ते गाण्यावर नाचायचं ना?” दुसरा प्रकार काहीच विचारत नाही. माझी सुती साडी, माझे पांढरे बूट आणि माझं वय यांच्याकडे आळीपाळीने पाहतो आणि मिशीत हसतो. मला दोघांचाही सारखाच राग येतो. बत्तीस वर्षं मी मुलींच्या कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवलं, पण गावाने मला ‘पीटीच्या मॅडम’ यापलीकडे नाव दिलं नाही. पीटी म्हणजे शिट्टी, आणि शिट्टी म्हणजे प्रजासत्ताक दिनाचं संचलन. एवढंच.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी नागपूरला जाऊन एक प्रशिक्षण घेतलं. मोठ्या माणसांची शारीरिक क्षमता कशी तपासायची आणि त्यांना झेपेल असा व्यायाम कसा लिहून द्यायचा, हा त्याचा विषय. चालणं, सायकल, पोहणं, पायऱ्या चढणं, म्हणजे ज्यात श्वास आणि काळीज बराच वेळ एका लयीत काम करतात, तो एरोबिक व्यायाम. तो लिहून द्यायचा म्हणजे “रोज फिरत जा” असं म्हणायचं नाही. आठवड्यातून किती दिवस, किती मिनिटं आणि किती जोरात, हे त्या माणसाची नाडी पाहून ठरवायचं. आणि त्याच्याही आधी त्याला प्रश्न विचारायचे. छातीत दुखतं का, चक्कर येते का, कोणती गोळी चालू आहे, सांधे कसे आहेत. माझ्या मते या धंद्यातलं निम्मं काम विचारण्याचं आहे.

ते कुणी करत नाही. आमच्या शहरात दर गल्लीत जिम निघाली आहे. आरसे आहेत, निळे-लाल दिवे आहेत, दंड दाखवणारे पोस्टर आहेत, फक्त प्रश्न विचारणारं कुणी नाही. माझ्या ओळखीचे एक निवृत्त ग्रंथपाल तिथे गेले. रक्तदाबाची गोळी घेणारे साठीचे गृहस्थ. पहिल्याच दिवशी त्यांना पळायच्या पट्ट्यावर चढवलं, आणि बाविशीच्या पोरांचा छापील तक्ता त्यांच्याही हातात दिला. नवव्या मिनिटाला ते खाली बसले, डोळ्यांपुढे अंधारी आली. मी भांडायला गेले तर मालक म्हणतो, “काकांनी नाश्ता केला नसन, मॅडम.” तळपायाची आग मस्तकात गेली. त्या काकांना गोळी चालू आहे का, एवढं विचारायला किती सेकंद लागले असते? ते वाचले. म्हणून त्या गोष्टीचा पुढे विनोद झाला. वाचले नसते तर?

त्या भांडणातूनच निवृत्तीनंतर मी चार महिन्यांचा वर्ग सुरू केला. भाड्याचा हॉल, बारा इंच उंचीच्या चार लाकडी पायऱ्या, रक्तदाबाचं यंत्र आणि एक वजनकाटा. शिकायला यायचे ते बहुतेक शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन नोकरीची वाट पाहणारे. त्यांना मी पायरीची चाचणी शिकवायची. मोबाइलवर टिकटिक लावायची, तीन मिनिटं त्या तालावर पायरी चढायची-उतरायची, मग लगेच बसवून नाडी मोजायची. काळीज किती लवकर शांत होतं त्यावरून माणूस कळतो. चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, इतक्या जोरात चाला, हा दुसरा एक सोपा नियम. सकाळी माझ्यासोबत चालायला येणाऱ्या बायकांनी यातला पहिलाच अर्धा भाग मनावर घेतला. त्या इतक्या बोलत की चालायच्या थांबत.

वर्गात सगळ्यांत हुशार होता प्रकाश. महागाव तालुक्यातल्या एका तांड्यावरचा, चौतिशीचा, दोन लेकरांचा बाप. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, बाहेर वऱ्हाडी आणि परीक्षेत पुस्तकी मराठी, अशा तीन जिभा घेऊन वावरणारा माणूस. इतर विद्यार्थी छापील प्रश्न बातम्या दिल्यासारखे वाचायचे. “आपणांस श्वसनाचा काही विकार आहे का?” समोरचा म्हातारा गोंधळून नाही म्हणायचा. प्रकाश मात्र शेजारी बसायचा आणि विचारायचा, “काहो बुढेबाबा, जीव घाबरते काय? रात्री पाय दुखते काय?” मी भर वर्गात त्याचं कौतुक केलं. म्हटलं, असं विचारायला शिका, माणसाच्या भाषेत.

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत सूत काढणारा एक कारखाना आहे. नाव सांगत नाही. तिथल्या माणसांचा कारभार पाहणारे साहेब एक दिवस हॉलवर आले. कामगारांसाठी आरोग्य सप्ताह करायचा आहे, सगळ्यांची तपासणी करा, कामाची पाळी सुरू होण्याआधी पंधरा मिनिटांचा व्यायाम बसवून द्या, म्हणाले. मी हुरळून गेले. इतकी वर्षं जिमवाल्यांशी डोकं आपटणारी मी, आणि एक कारखाना आपणहून व्यायाम मागतोय! पेढे वाटायचेच बाकी होते.

प्रश्नांचा कागद मीच मराठीत केला. मूळ इंग्रजी कागद दोन पानांचा होता. कारखान्याने सांगितलं, एका पानावर बसवा, झेरॉक्स सोपी जाईल. मी बसवला. जागा वाचवायला दोन-तीन प्रश्न एकाच ओळीत घेतले. एक ओळ अशी झाली: ‘दम / दमा – हो / नाही’. काम करताना दम लागतो का हा एक प्रश्न, दम्याचा आजार आहे का हा दुसरा. मध्ये मी एक तिरकी रेघ मारली आणि पान संपवलं. तेव्हा मला त्या पानाचा अभिमान वाटला होता, हे लपवत नाही.

तपासणी झाली. चार टेबलं मांडली होती. तीन टेबलांवर माझे पुस्तकी विद्यार्थी वाचत होते, “दमा आहे का?” बाया म्हणत होत्या, “नाही बापा.” टिक, नाही. चौथ्या टेबलावर प्रकाश होता. तो मी शिकवल्याप्रमाणे माणसाच्या भाषेत विचारत होता, “बाई, दम लागते काय?” आणि दिवसभर रुईची ओझी उचलून जिना चढणाऱ्या बाया सांगत होत्या, “लागते ना बाप्पा! काम करतो तं दम लागनच.” टिक, हो. आमच्याकडे दम लागणं ही काही तक्रार नसते. ज्याला दम लागत नाही तो काम करत नाही, असा साधा हिशेब असतो. प्रकाश खाली टीप लिहायला जागा शोधत होता, पण जागा मीच ठेवली नव्हती. शेवटी त्याने ओळीवर खुणा केल्या आणि मी संध्याकाळी सगळ्या कागदांवर सह्या केल्या. वाचून केल्या असत्या तर ही गोष्ट लिहावी लागली नसती.

दुसरी चूक त्याच दिवशी केली. अशा तपासणीचा कागद ज्याचा त्याला द्यायचा, मालकाला नाही, हे मी वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवते. साहेब म्हणाले, “एक प्रत आमच्याकडे राहू द्या, मॅडम, फाईलला.” मी दिली. का दिली? पुढच्या वर्षीही बोलावतील, या आशेने दिली. दुसरं कारण नाही.

अडीच महिन्यांनी सकाळचा वर्ग चालू असताना एक बाई हॉलच्या दारात येऊन उभी राहिली. चप्पल न काढता आत आली. हातात माझा कागद होता.

“पीटीच्या मॅडम तुमीच काय?”

“हो.”

“ही सही तुमची हाये?”

“माझीच.”

“मंग मले सांगा, मले दमा कधी झाला? मले तं मालूमच नाही!”

तिचं नाव पंचफुला. कारखान्यात अकरा वर्षं. तिला आणि तिच्यासारख्या आणखी पाच जणींना कामावरून बंद केलं होतं. कारण विचारलं तर साहेबांनी कागद दाखवला, दमा आहे, रुईत काम करणं तुमच्याच जिवाला धोक्याचं, आम्हाला तुमची काळजी आहे. काळजी! बरं, क्षणभर धरून चालू की त्यांना खरोखरच दमा होता. मग तो कुठून आला? अकरा वर्षं ज्या रुईच्या धुळीत उभं केलं तिथूनच ना? मग त्यांना औषधपाणी द्यायचं, तोंडाला बांधायला नीट काही द्यायचं, धूळ ओढणारे पंखे लावायचे, की घरी पाठवायचं? आजारी पडली तर हाकला आणि नसली पडली तरी कागदावर पाडून हाकला. आणि हे करायला हत्यार कुणी दिलं? मी दिलं. सहीसकट.

पंचफुलाला मी तिथेच पायरीवर चढवलं. तीन मिनिटं ती टिकटिकीवर अशी चढली-उतरली की वर्ग बघत राहिला. वर तोंड चालूच. “अजून किती? बस इतकंच?” बसवून नाडी मोजली. प्रकाशची स्वतःची नाडी त्या चाचणीनंतर यापेक्षा जास्त असायची. तो भिंतीला टेकून उभा होता. “मॅडम, म्याच विचारलं होतं तिले,” एवढंच म्हणाला. त्याचा चेहरा मला पाहवला नाही, कारण त्याने मी सांगितलं तेच केलं होतं.

छातीच्या डॉक्टरांकडून तिला तपासून घेतलं, दमा नाही असं लिहून घेतलं, माझं चुकीची कबुली देणारं पत्र जोडलं आणि आम्ही दोघी कारखान्यात गेलो. साहेबांनी चहा मागवला. पत्र वाचलं.

“मॅडम, तेव्हा ‘हो’वर सही तुमचीच, आता ‘नाही’वरही तुमचीच. उद्या परत ‘हो’ म्हणाल. आम्ही कोणत्या मॅडमवर विश्वास ठेवायचा?”

तेवढ्यापुरतं त्यांचं खरं होतं. पंचफुला मात्र खुर्चीच्या कडेवर बसून साहेबांकडे पाहत होती.

“साहेब, तुमाले दम लागत नाही काय कधी?”

“मला? नाही.”

“तरीच,” ती म्हणाली. “कामच नाही तं लागन कुठून?”

साहेब लाल झाले. पण डॉक्टरांचा कागद समोर होता आणि ही बाई गेटवर उभी राहून गावभर बोंबलेल हे त्यांनी ओळखलं असावं. आठ दिवसांनी तिला परत घेतलं. तिच्या जुन्या जागेवर नाही, पोती शिवायला. घ्या, हे आरोग्य सप्ताहाचं फलित.

त्या दिवशी साहेबांकडून बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, “बाकीच्या पाच जणी का नाही आल्या?”

“मी भांडखोर, म्हून आली. त्या गरीब हायेत.”

साहेबांनी त्या पाच जणींची नावं मला दिली नाहीत. फाईल गोपनीय आहे म्हणाले. मी दिलेली प्रत मलाच गोपनीय! पंचफुलाने बोटांवर मोजून नावं सांगितली. दोघी दुसऱ्या कारखान्यात लागल्या होत्या, त्यांना माझ्या माफीशी काही देणंघेणं नव्हतं. एक मुलीकडे पुसदला गेली होती. चौथी शेतावर निंदायला जायची, तिने कागद वाचलाच नव्हता. त्या चौघींना प्रकाश भेटून आला. पाचवी चंद्रकला, दिग्रस रस्त्यावरच्या एका खेड्यात राहणारी. तिच्याकडे मीच जाते म्हणाले आणि जायला मला आणखी तीन-साडेतीन महिने लागले. आज ताप, उद्या वर्गाची परीक्षा, परवा पाहुणे. खरं कारण लाज. दुसरी कुणी अशी टाळाटाळ केली असती तर तिला मी उभी चिरली असती.

गेले तेव्हा प्रकाशने मोटारसायकल काढली. सकाळची वेळ होती. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत घर. अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांची बाई बसली होती. मी ओळखलं नाही. तपासणीच्या दिवशीची चंद्रकला मला अंधूक आठवत होती, चवळीच्या शेंगेसारखी, भराभर चालणारी. ही बाई सुजल्यासारखी दिसत होती. सून पाण्याचा तांब्या तिच्या हातात आणून देत होती.

मी नाव सांगितलं. तिला आनंद झाला, हे फार वाईट झालं.

“मॅडम, तुमी सोता आल्या? बसा ना. पोरी, च्या ठेव.” मग अभिमानाने म्हणाली, “तुमच्या कागदापासून मी लय जपून राह्यली. दम लागूच देत नाही.”

“म्हणजे काय करता?”

“उठतच नाही.”

कारखान्याची गाडी धरायला ही बाई रोज तीन किलोमीटर पायी जायची आणि संध्याकाळी तेवढीच परत यायची. दमा आहे म्हटल्यावर तिने चालणं सोडलं. मग पाणी भरणं सोडलं. मग जवळच्या विहारात रविवारी वंदनेला जाणंही सोडलं, कारण तिथे चार पायऱ्या आहेत. कागद तिने प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्डासोबत ठेवला होता. डॉक्टरला दाखवला नाही का, विचारलं.

“दाखवाचं कायले? लिवलं हाये ना. आमचा बाप अंगठेबहाद्दर होता मॅडम, पन त्यानं आमाले शाळेत घातलं. म्हने, शिकल्या मानसाचा कागद कधी हलका समजू नोका.”

प्रकाश अंगणाबाहेर जाऊन उभा राहिला.

मी सांगितलं, आपण थोडं चालून पाहू. विहाराच्या भिंतीपर्यंत जायचं आणि यायचं, सहा मिनिटं, मी सोबत आहे. ती भीत भीत उठली. पहिली फेरी झाली. दुसरीच्या मध्यावर थांबली, भिंतीला हात टेकला. तोंड उघडं, खांदे वरखाली. माझी बोटं तिच्या मनगटावर होती. नाडी धावत होती. ही भीती नव्हती. तिला खरोखर दम लागला होता, पन्नास पावलांत. अंग वापरलं नाही तर ते किती लवकर विसरतं, हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवते. इथे ती आकृती माझ्यासमोर धापा टाकत होती. लोकांना चालायला लावणं हा माझा धंदा, आणि मी एका धडधाकट बाईला बसणं लिहून दिलं होतं. तिने तर माझा सल्ला जिल्ह्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त प्रामाणिकपणे पाळला होता.

तिला परत खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. तो प्रश्न, ती ओळ, ती सही. चूक प्रकाशची नाही, कारखान्याने तिचा फायदा घेतला पण चूक माझी, हेही सांगितलं. छातीच्या डॉक्टरांकडे मी स्वतः नेईन, त्यांनी हो म्हटलं की रोज थोडं थोडं चालणं वाढवू, दोन-तीन महिन्यांत पहिल्यासारखं होईल, हे सांगितलं. ते खरंही आहे. कारखाना मात्र परत घेणार नाही, त्यांनी तिच्या जागी दुसरी बाई कधीच लावली आहे, हेही सांगावं लागलं.

सून चहा घेऊन आली होती, ती तशीच कप धरून उभी राहिली.

“म्हंजे मले दमा नोता?”

“नव्हता.”

“आन आता?”

“आताही नसावा. आता नुसता बसून दम लागतोय.”

“मंग मी इतके महिने बसून कायले राह्यली, मॅडम?”

इतक्या वर्षांत मी किती जणांवर ओरडले असेन, जिमवाल्यांवर, साहेबांवर, आळशी विद्यार्थ्यांवर. त्या क्षणी माझ्यावर ओरडायचा हक्क असलेली एकच बाई समोर होती आणि ती ओरडत नव्हती. तिने सुनेला सांगून ती प्लास्टिकची पिशवी मागवली, आतला कागद काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. रागाने नाही, दुसऱ्याची वस्तू परत करावी तसा.

“घेऊन जा हे.”

मी घेतला. उठताना विचारलं, “उद्यापासून सकाळी येऊ का मी? डॉक्टरांकडे जाऊ, मग आपण दोघी चालू.”

तिने माझ्या पर्सकडे पाहिलं, पर्सच्या कप्प्यात खोचलेल्या पेनाकडे पाहिलं.

“या,” ती म्हणाली. “पन काही लिवू नोका.”